पाणसळ

अ‍ॅम्प्लिफायरचं माप मी टेपनं घेतलं,
ब्लाउजचं घेते तसं:
रुंदी साडेसतरा, उंची सहा,
मागून वायरींसाठी तीन इंच सैल.
तबकडीच्या यंत्राला बाह्या नव्हत्याच, नुसता घेर.
वहीत हेडमास्तरीणबाईंच्या मापाखाली लिहून ठेवलं.

दोन्ही जळगावच्या जुन्या बाजारातले,
एकशे चाळीस शाळेच्या चड्ड्यांच्या शिलाईत आले.
विकणारा म्हणाला, बाई, सुई नाजूक आहे.
म्हटलं, सुईचं मला नका सांगू.

पण माझी भिंत आणि सुपडूभाऊच्या गिरणीची भिंत
एकच.
संध्याकाळी बाया कळणा दळायला आल्या
की माझ्या मांडणीतली ताटं बोलायला लागत,
आणि सनई एका श्वासातून उडी मारून
भलत्याच श्वासात जाऊन पडे.
दोनदा भांडले.
तो म्हणाला, "गिरणी पहिले शे. बाजा मंग उना."
खरंच होतं ते.
म्हणून तर वर्षभर बोलले नाही.

मग ठरवलं, समोरच्या भिंतीवर फळी.

फळी कडुनिंबाची. धरणगावचा रस्ता रुंद झाला
तेव्हा पडलेलं झाड, वखारीत चार वर्षं वाळलेलं.
कापताना भुसा ओठांवर बसला,
दिवसभर चहा कडू.
गफ्फारचाचांनी अँगल जोडून दिले,
पैसे नकोत म्हणाले, नातीला फ्रॉक दे, झालरीचा.

भिंतीला ड्रिल टेकवलं
तर ती अडलीच नाही, नुसती गळत राहिली:
पांढरी माती, गव्हाचं काड,
एक लांब केस, कुणाचा कोण जाणे.
स्क्रू आत जाई आणि दोन बोटांनी बाहेर येई.
शेवटी चिंचेच्या गुट्ट्या तासल्या,
नव्या काजात बटण जातं तशा, कुरकुरत जाणाऱ्या,
चुन्यात बुडवून ठोकल्या.
दोन दिवस हात लावायचा नाही.
मी दर तासाला लावला.

नळीत पाणी भरलं. नळीला टोकं दोन,
मी एक.
एक टोक चिमट्यानं खिळ्याला अडकवलं, ते निसटलं,
परकर भिजला, वही भिजली,
हेडमास्तरीणबाईंची छाती पुसून गेली.
दारात सुपडूभाऊ. भुवयांवर पीठ,
लाइट गेलेली म्हणून रिकामा.
"काय करी ऱ्हायनी वो ताई?"
मी काही न बोलता टोक त्याच्या हातात दिलं.

खोलीच्या दोन कडांना दोघं,
मधे पाणी, इकडे चढतंय, तिकडे उतरतंय.
वर.
अजून.
नाही, खाली.
थांब, श्वास नको घेऊ.
पाणी थांबलं. पेन्सिलीनं खूण केली.

फळी बसवली, आणि ती तिरकी!
सरळ सरळ तिरकी, पूर्वेला उतरलेली.
तीनदा मोजलं. पाणी म्हणे बरोबर.
सुपडूभाऊ लांब जाऊन उभा राहिला,
एक डोळा मिटला,
चौकट पाहिली, वासा पाहिला,
खिळ्यावरचं कॅलेंडर पाहिलं.
"फळी सरळ शे," म्हणाला,
"घरच वाकडं शे तुमनं."

अठ्ठावीस वर्षं इथे मी
परकरांच्या कडा सरळ कापतेय.

टेनिसचे दोन चेंडू कात्रीनं अर्धे केले
(कात्रीची धार गेली ती गेलीच),
चार वाट्या पालथ्या, त्यांवर यंत्र.
लाइट आली.
पेला काठोकाठ भरून फळीच्या टोकाला ठेवला.
सुपडूभाऊ पळत गेला. गिरणी रिकामी फिरवत नाहीत,
दगड दगडाला खातो,
म्हणून त्यानं घरची दादर ओतली,
आणि भिंतीपलीकडून ओरडला,
"हालनं का पाणी?"

मी वाकून पाहिलं.
काठाशी एक गोल, टाचणीच्या डोक्याएवढा,
उमटला, मिटला,
पुन्हा उमटला.

"नही वो भाऊ!" मी ओरडले.
"दळी ल्या."